दोन दिवसांचं लग्न, डीजेचे पाच कपडे

अक्षतांना अर्धा तास होता. मी हॉलच्या मागं जनरेटरमधलं डिझेल बघत होतो. तेवढ्यात मॅनेजर पळत आला. "तुमचा तो पोरगा जरा आडोशाला घ्या की. नवरीच्या अज्जी मघापासून विचारायल्यात, ती करी अंगी कोणाची म्हणून."

करी म्हणजे काळी. अंगी तर आमच्या बोलीतही अंगीच. भाषांतर लागलं नाही. आत जाऊन बघितलं तर चारेकशे माणसं, पिवळ्या-हिरव्या साड्या, फेटे, मांडवाला झेंडू, वर पांढऱ्याफेक ट्यूबलाइट आणि त्या सगळ्यात नखशिखांत काळा असा एकच माणूस. काळा शर्ट, काळी पँट, काळे बूट. तो माझा डीजे. आणि हा वेष त्याला मीच सांगितलेला.

त्या दिवशी मी पोरावर ओरडलो. नंतर सगळा प्रकार एकेक करून डोळ्यांपुढं आणला, तेव्हा चूक त्याच्यापेक्षा माझ्या खात्यावर जास्त निघाली. लग्नाचा सीझन परत येतोय, नवी पोरं कंट्रोलर (गाणी मिसळायचं यंत्र) घेऊन या धंद्यात उतरतायत, म्हणून जे झालं ते झालं तसं लिहितो.

सुपारी कशी ठरली

मी बेळगावात साउंड आणि लाइट भाड्यानं देतो. डीजे माझ्याकडं दोन-तीन आहेत. हा त्यातला सगळ्यात लहान, बावीस वर्षांचा, खानापूर तालुक्यातला. मला मामा म्हणतो, नातं काही नाही. हाताला चांगला आहे. गर्दी कधी थकली, कधी पेटली हे त्याला न बघता कळतं. पण कपड्याच्या बाबतीत त्याला जे सांगाल ते तो करतो. न सांगाल तर मोबाईलवर कुठल्यातरी मोठ्या शहरातला डीजे बघून तसं करतो.

नवरदेव वडगावचा. घराच्या मागच्या बाजूला माग. शहापूर-वडगाव म्हणजे बेळगावातली साड्या विणणारी वस्ती, तिथलं हे जुनं घर. नवरी गोकाककडची, घरात कन्नड. अशी लग्नं आमच्याकडं नवलाची नाहीत. दोन्ही घरांना दोन्ही भाषा येतात, फक्त भांडताना आणि रडताना आपापली वापरतात.

नवरदेवाच्या थोरल्या भावाचा फोन आला. हळद घरासमोर, दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये अक्षता, संध्याकाळी तिथंच रिसेप्शन. वीस मिनिटं बोललो. टॉप (वरचे स्पीकर) किती, बेस (घुमणारे मोठे स्पीकर) किती, शार्पी (झोत फिरवणारे लाइट) किती, जनरेटर कोणाचा, गल्लीत गाडी शिरेल का, रात्री दहाला बंद करायचं आहे हे आधीच सांगून ठेवतो, इसारा किती. शेवटी ते म्हणाले, "आणि मामा, पोरगा जरा भारी कपड्यात पाठवा."

"पाठवतो की," मी म्हटलं.

कपड्याबद्दल जेवढं बोलणं झालं ते एवढंच. केबलच्या लांबीवर आम्ही यापेक्षा जास्त बोललो होतो. 'भारी' म्हणजे त्यांच्या मनात काय, माझ्या मनात काय आणि पोराच्या मनात काय, हे तीन वेगळे अर्थ होते आणि तिन्ही लग्नाच्या त्या दोन दिवसांत एकामागून एक बाहेर आले.

हळद

हळदीला तो पांढराशुभ्र नवा कुर्ता घालून आला. त्याच्या डोक्यात भारी म्हणजे नवं. हळदीला पांढरं घालून येणारा माणूस एकतर पाहुणा असतो, नाहीतर बकरा. डीजे दोन्हीत बसत नाही, पण पोरांना ते कुठं कळतं? दुसऱ्याच गाण्याला चौघांनी त्याला कन्सोलमागून ओढलं आणि गळ्यापासून पोटापर्यंत माखला. कंट्रोलरवर मी प्लॅस्टिक घातलं होतं म्हणून निदान फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकत्या पट्ट्या, वाचल्या.

मग त्यानं केलं ते कोणीही करेल तेच. नळाखाली जाऊन साबण लावला. आणि कुर्त्यावर लालभडक डाग उमटले. मागनं येणारी एक मावशी किंचाळलीच, तिला वाटलं पोराला लागलं. हळदीचा पिवळा साबणाच्या क्षारानं लाल होतो. हळदीत चुना घालून कुंकू करतात, त्यातलीच ही गंमत. हळद लागली तर साबणाच्या नादी न लागता नुसत्या पाण्यानं खळबळायचं आणि उन्हात टाकायचं. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. हे मला त्या घरच्या काकांनी सांगितलं. त्यांच्याबद्दल पुढं येईलच.

कुर्ता गेला. पोराच्या पिशवीत दुसरं काय होतं? आदल्याच आठवड्यात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक झालेली. आमच्याकडं शिवजयंती तिथीनं, वैशाख शुद्ध द्वितीयेला, आणि मिरवणूक रात्रभर. त्यात तो वाजवायला होता, आणि मंडळाचा भगवा टी-शर्ट पिशवीतच राहिलेला. तो त्यानं चढवला. पुढं महाराज, मागं मंडळाचं नाव आणि त्याखाली सीमाप्रश्नावरची एक ओळ. मंडळाच्या टी-शर्टवर ती असतेच, आम्हाला आता ती दिसतही नाही.

पण त्या मांडवात गोकाकहून हळद घेऊन आलेली दहा-बारा माणसं बसली होती.

कोणी काही बोललं नाही. नुसतं बोलणं थांबलं, तेवढंच. नवरदेवाचे काका उठले, कन्सोलपाशी गेले, पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "बाळा, ते उलटं घाल." पोरानं कन्सोलमागं वाकून टी-शर्ट उलटा केला आणि उरलेली हळद शिवण बाहेर, लेबल मानेवर अशा अवस्थेत वाजवली. काकांनी गोकाकच्या पाहुण्यांना कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं, तेही हसले, आणि विषय मिटला.

बाहेरच्याला यात एवढं काय असं वाटेल. इथं राहणाऱ्याला वाटणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून त्या तारखेला मराठी माणूस काळे कपडे घालून, काळ्या फिती लावून काळा दिन पाळतो, सायकल फेरी निघते. त्याच दिवशी त्याच शहरात लाल-पिवळे झेंडे घेऊन कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि तिच्यातही डीजे असतात. म्हणजे आमच्या गावात एक तारीख अशी आहे की त्या दिवशी डीजेच्या शर्टाचा रंगच त्याचं मत सांगून जातो, त्याला असो वा नसो. धंदा दोन्हीकडं करायचा असेल तर हे समजून घालावं. मंडळाचा टी-शर्ट मंडळासाठी. तिथं तो अभिमानानं घाला, मीही घालतो. दुसऱ्याच्या मांडवात तो आपला कपडा राहत नाही, यजमानाच्या तोंडी घातलेलं वाक्य होतो.

करी अंगी

आता दुपारकडं येतो.

मी इतकी वर्षं पोरांना एकच नियम शिकवला होता: डीजेनं काळं घालायचं, डोकं चालवायचं नाही. हा नियम आला कुठून? मी स्वतः सुरुवातीला नाटकांच्या दौऱ्यांना लाइटवाल्याच्या हाताखाली जायचो. तिथं विंगेतली माणसं काळं घालतात, कारण अंधारात सेट हलवताना ती प्रेक्षकाला दिसायला नकोत. काळा कपडा प्रकाश गिळतो. त्यातही चकचकीत सॅटिन नको, सुती आणि मळकट काळा हवा. रात्रीच्या रिसेप्शनला हे बरोबर बसतं. स्टेजवर शार्पी फिरतायत, हॉल अंधारा आहे, डीजे कोपऱ्यात काळ्यात, नजर जोडप्यावर. शिवाय काळ्यावर घाम दिसत नाही, ऑइल दिसत नाही.

म्हणजे काळ्या रंगाचं काम एकच, न दिसणं. ते काम अंधारातच होतं. भर दुपारी चारशे रंगीत माणसांत तोच काळा माणूस सगळ्यात आधी दिसतो. नियमाचं कारण मी विसरलो होतो आणि नियम तेवढा हातात धरून बसलो होतो.

त्यात लग्नकार्यात काळं चालत नाही, ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. आपल्याकडं संक्रांत सोडली तर शुभकार्यात काळं कोण घालतं? माझ्या पोरीच्या बारशाला कोणी काळ्यात आलं असतं तर माझ्या आईनंही विचारलंच असतं. पण डीजे हा 'आपल्यातला' नाही, तो सामानासारखा, असं मी मनात धरलं होतं. टॉप काळे, बेस काळे, ट्रस (लाइट टांगायचा सांगाडा) काळा, डीजे काळा. अज्जींना मात्र तो माणूस दिसत होता. त्यांच्या नातीच्या डोक्यावर अक्षता पडताना समोर उभा असलेला, काळ्या अंगीतला माणूस. मला विचाराल तर अज्जींचं बरोबर होतं.

मी त्याला जनरेटरकडं पाठवलं आणि मंगलाष्टकांचा माइक, सनईचा ट्रॅक स्वतः सांभाळला. मी फिक्या निळ्या चौकड्यांच्या शर्टात होतो. कोणाच्या लक्षातही आलं नाही. व्हिडिओवाला तेवढा पुटपुटला, कारण बारीक चौकडी कॅमेऱ्यात लहरी मारते. पण मी स्टेजवर नव्हतो.

जेवणाच्या वेळी आणखी एक गोष्ट झाली, जी तेव्हा मी सोडून दिली. पोरगा पंगतीत बसायला गेला तर केटररच्या माणसानं त्याला न विचारता मागं आचाऱ्याकडं पाठवलं. "स्टाफचं तिकडं." काळ्या शर्टातली वाढप्याची पोरंही होती, त्याला त्यांच्यातलाच धरला. तो गेला, चुलीपाशी उभ्यानं जेवला. मला सांगितलंही नाही.

रिसेप्शन

दुपारी चार ते सात मोकळे होते. पोरगा न सांगता गायब झाला आणि साडेसहाला परतला तो शेरवानीत. गणपत गल्लीकडं जाऊन भाड्यानं आणलेली. बाटली-हिरवी, छातीवर आणि बाह्यांवर जरीकाम, पायात मोजडी. अक्षतांआधी ओरडा खाल्ला, नंतर चुलीपाशी जेवला, त्यावर त्यानं त्याच्या परीनं काढलेलं हे उत्तर. आता कोणी मला स्टाफ म्हणून दाखवा!

कोणी म्हटलं नाही. उलट झालं. नवरदेवाच्या भावांनीही हिरव्याच छटेचे जोधपुरी घातले होते. घरच्या पोरांचा ठरवून एक रंग. पहिल्या अर्ध्या तासात दोघांनी माझ्या डीजेच्या हातात आहेराची पाकिटं दिली. एक आजोबा त्याच्या डोक्यावर हात ठेवून गेले. फोटोग्राफरनं "अहो भाऊ, तुम्ही पण या" म्हणून त्याला फॅमिली फोटोत बोलावलं. तो जाणारच होता, मी लांबून हात हलवला. पाकिटं त्यानं थोरल्या भावाकडं नेऊन दिली आणि आहेराच्या वहीत नोंदवली. तेवढं त्याचं शहाणपण शाबूत होतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मग एंट्री झाली.

जोडपं दारात. हॉल अंधार. कोल्ड पायरो, म्हणजे ठिणग्यांचे फवारे उडवणारी मशीनं, तयार. पोरानं गाणं सोडलं, आवाज चढवायला हात पुढं केला आणि बाहीवरचं जरीकाम बाजूच्या नॉबमध्ये अडकलं. त्यानं हात झटकला, नॉब फिरला, आणि नवरी पहिलं पाऊल टाकते न टाकते तोच गाणं पाण्याखाली गेल्यासारखं बसलं. चार सेकंद. तो नॉब फिल्टरचा, आवाजाची धार कापणारा. परत उघडला, गाणं आलं, लोकांना वाटलं असंच असतं. पण थोरल्या भावाला कळलं आणि मलाही.

त्यातच बाहेर वळीव कोसळला. वैशाखातल्या संध्याकाळी आमच्याकडं तो न सांगता येतो. जनरेटरची केबल बघायला म्हणून तो मागं धावला आणि मोजडी ओल्या फरशीवर घसरली. पडला नाही. गुळगुळीत चामड्याच्या तळव्याची मोजडी घालून ओल्या फरशीवरून जिवंत केबलकडं धावणं, यात कपड्याची शोभा-बिभा राहत नाही, जीव राहतो की जातो एवढंच उरतं. या एका गोष्टीवर मी त्याला आजही सोडत नाही.

मी गाडीतून माझा शर्ट काढला. गडद निळा, पूर्ण बाहीचा, सुती. पँट त्याची दुपारची काळीच. बूट आमच्या वायरमनचे, रबरी तळव्याचे, एक नंबर मोठे, आत कागद कोंबून. बाह्या कोपराखाली दोन घड्या वर. पाच मिनिटांत तो परत कन्सोलवर होता आणि पुढचे दोन तास त्यानं असं वाजवलं की गोकाकचे मामालोक खुर्च्या बाजूला सारून नाचले. दहाला पाच कमी असताना बंद केलं.

निघताना अज्जी दाराशी बसल्या होत्या. पोरगा पाया पडला. त्यांनी मराठीत विचारलं, "तू कुणाचा रे?" दुपारचा ओळखला नव्हता. आम्ही सांगितलंही नाही.

काकांची परीक्षा

आता काका. हळदीच्या रात्री, तो राडा झाल्यावर, त्यांनी वाळत घातलेल्या कुर्त्याची कड दोन बोटांत धरून चोळली आणि म्हणाले, "पॉलिस्टर." आयुष्य मागावर गेलेलं, त्यांना चष्मा लागत नाही. "हे घाम पीत न्हाई. अंगावरच ठेवतंय. चार तास उभं राहणाऱ्यानं सूत घालावं."

तेव्हा मी मान डोलावली, पुढं रिसेप्शनला समजलं. ती शेरवानीही आतून पॉलिस्टरच होती. काढली तेव्हा पोराच्या अंगाला आंघोळ केल्यासारखं पाणी होतं. आणि हॉलमध्ये पायरो असताना मला तर कृत्रिम धाग्याची भीतीच वाटते. त्या ठिणग्यांना थंड म्हणतात, पण मशीनच्या तोंडाशी त्या गरमच असतात. सूत जळतं, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.

सुताचं एक वाईट: चुरगळतं. त्याला इलाज आहे, हॅंगरवर न्या आणि सामान लावून झाल्यावर घाला. टॉप उचलायचे, ट्रस चढवायचा, केबल ओढायच्या, हे ज्या कपड्यात केलं त्याच कपड्यात वाजवायला उभं राहू नये, एवढं साधं आहे. तरी आमच्या धंद्यातली निम्मी पोरं मळक्या टी-शर्टात लोडिंग करतात, त्यातच वाजवतात, आणि वर यजमान मान देत नाही म्हणतात.

पांढऱ्याचं अजून एक. हळदीतून कुर्ता वाचला असता आणि तो रात्री रिसेप्शनला घातला असता, तरी फसला असता. निळसर-जांभळे यूव्ही लाइट लावले की धुतलेलं पांढरं कापड ट्यूबलाइटसारखं पेटतं. धुण्याच्या पावडरीत चमक आणणारं जे असतं ना, ते यूव्हीत उजळतं. नवरी-नवरदेव अंधारात आणि डीजे चमकतोय, असे व्हिडिओ मी बघितलेत.

डीजे हा कोण?

हे सगळं झाल्यावर मला जी गोष्ट सुचली ती कापडाची नाही.

आपल्याकडं लग्नात वाजवणारा कधी कपड्यावाचून नव्हता. सनई-चौघड्याचे लोक धोतर, फेटा, कोट. हलगीवाले फेट्यात. बँडवाल्यांचा तर लाल-निळा डगला, सोनेरी झालर, डोक्याला टोपी, कडक उन्हातसुद्धा. आम्ही लहानपणी त्या डगल्याला हसायचो. पण त्या डगल्यानं एक काम चोख केलं होतं: मांडवात शिरल्याबरोबर सगळ्यांना कळायचं, हा वाजवणारा. त्याला आहेर कोणी देत नव्हतं, त्याला पाणी विचारायचं असतं हे पोरासोरांनाही माहीत होतं, आणि त्याची पंगत ठरलेली असायची.

डीजे हा आपल्या लग्नातला पहिला वाजवणारा, ज्याला गणवेश नाही. म्हणून जो तो त्याला कपड्यावरून आपापल्या मनानं ठरवतो. काळ्यात वाढपी ठरला. शेरवानीत नवरदेवाचा भाऊ ठरला. उलट्या टी-शर्टात गल्लीतलं पोर ठरला. दोन दिवसांत एकच माणूस, एकच कंट्रोलर, तीन जाती. गडद निळ्या शर्टात मात्र तो जे होता तेच दिसला. आणि तो शर्ट त्या गर्दीत सगळ्यात साधा होता, म्हणून साधं तेच चांगलं असंही मी म्हणणार नाही. तो शर्ट चालला कारण तो पाहुण्यांपेक्षा एक पायरी खाली आणि वाढप्यांपेक्षा एक पायरी वर होता. नेमक्या त्याच जागी डीजे उभा असतो.

ही पायरी प्रत्येक ठिकाणी वेगळी. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे. लष्करी मेसच्या कार्यक्रमाला गोल गळ्याचा टी-शर्ट आणि चप्पल घालून जाल तर दारातूनच परत याल. तिथं कॉलर, इस्त्री, बंद बूट, दाढी केलेली. उद्यमबागेतल्या कारखान्याच्या आयुधपूजेला तोच वेष घालून गेलात तर कामगार तुम्हाला इन्स्पेक्शनला आलेला साहेब समजून नाचायचे थांबतील. तिथं जीन्स आणि स्वच्छ टी-शर्ट पुरे. कॉलेजच्या गॅदरिंगला काय घातलं हे कोणी बघत नाही. गावच्या जत्रेत धूळ असते, तिथं काळं घातलं तर तासाभरात करडं होतं. गणपतीच्या मिरवणुकीत गुलाल. गुलालाला कोणाचाच इलाज नाही, जुनं घालावं.

आता काय विचारतो

कागदावर यादी वगैरे केली नाही. पण टॉप-बेस ठरवून झाले की मी फोन ठेवत नाही. विचारतो: दादा, घरच्यांचा रंग कुठला ठरलाय? म्हणजे आमचा पोरगा तो टाळील. हळदीला पोरं डीजेला माखतात का तुमच्याकडं? म्हणजे जुना पिवळा टी-शर्ट घालून येईल, रागही येणार नाही, फोटोतही बसेल. अक्षतांना त्याला समोर उभं करणार की बाजूला? माइक घेऊन त्यानं बोलायचं आहे का? माइक असेल तर तो दिसणार, मग वरून साधं जाकीट, बिनजरीचं. आणि शेवटचा प्रश्न, जो विचारताना मला पहिल्यांदा लाज वाटली: पोरगा जेवणार कुठं?

लोक आधी हसतात. मग बहुतेक जण फोन बाजूला धरून घरात कोणालातरी विचारतात. 'भारी' या शब्दामागं काय होतं ते तेव्हा बाहेर येतं. परवा एका बाईंनी सांगितलं, "भारी म्हणजे अहो, फाटकी जीन्स नको एवढंच." आमचा वडगावचा घोळ एवढ्या एका वाक्यात टळला असता.

पोराच्या पिशवीत आता दोन शर्ट असतात, एक गडद निळा आणि एक फिका, बदामी. दुपारचा आणि रात्रीचा. हातातलं कडं आणि अंगठी कन्सोलवर चढण्याआधी खिशात, कंट्रोलरच्या फिरत्या चकतीवर, जॉगव्हीलवर, ओरखडे नकोत. बूट रबरी तळव्याचेच. मंडळाचा टी-शर्ट घरी.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. शेरवानीचं भाडं कोणी द्यायचं? तो म्हणतो, मामा, काळं तुम्ही सांगितलंत, म्हणून मला ती आणावी लागली. मी म्हणतो, आणायच्या आधी मला विचारलं असतंस तर? शेवटी निम्मं-निम्मं केलं, पण त्याला अजून वाटतं की पूर्ण मीच द्यायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर अधूनमधून मलाही वाटतं.

तो पांढरा कुर्ता काकांच्या सांगण्यावरून मी आठ दिवस माझ्या गच्चीवर उन्हात टाकला. पिवळं सगळं उडालं. साबण लावला होता तिथं छातीवर एक फिकट गुलाबी डाग राहिलाय. तो कुर्ता आता तो लोडिंगला घालतो.